चरबीचे इंधन आणि ऑक्सिजनचा हिशेब

‘तीन-चार आठवडे भाकरी-भात सोडला की शरीर चरबीवर चालायला शिकते, मग धावण्यात काहीच उणे राहत नाही,’ असे कमी कर्बोदकांच्या, जास्त चरबीच्या आहाराबद्दल म्हटले जाते. या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध नाही. एक लिटर ऑक्सिजन खर्चून कर्बोदकांपासून सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, चरबीपासून सुमारे ४.७, त्यामुळे दम आधीच लागलेला असताना चरबीवर विसंबणाऱ्याला तोच वेग महाग पडतो. क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चालण्याच्या शर्यतीतील अव्वल खेळाडूंचे चरबीज्वलन या आहाराने खूप वाढले, तरीही १० किलोमीटरची त्यांची वेळ सुधारली नाही. कर्बोदके घेणाऱ्यांची मात्र सुधारली.

मी स्वतः दोन महिने कडक भाकरी बंद करून (सोलापुरात हे घरच्यांच्या गळी उतरवणे धावण्याहून अवघड) अंडी, पनीर आणि तेलात कालवलेली चमचाभर शेंगाचटणी यांवर राहिलो. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने तासभर संथ पळताना काहीच जाणवत नसे. पण मैदानावर ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या मारू लागलो की चौथ्या फेरीपासून पाय जड होत आणि घड्याळात आठ-दहा सेकंद वाढलेले दिसत.