प्रतिसाद: कार्यालयातून मेल जातो, बाहेरून मात्र ५५४ ५.७.१ 'रिले ॲक्सेस डिनाइड'

वर मायनेटवर्क्समध्ये (पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमधली विश्वासू आयपींची यादी) बाहेरचा आयपी घालायचा सल्ला आला आहे, तो कृपया अमलात आणू नका. मोबाइलचा आयपी बदलत राहतो, आणि मोठी रेंज उघडली की तो सर्व्हर कुणासाठीही रिले होतो, म्हणजे कुणाचाही मेल पुढे पाठवतो. मग स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टमधून बाहेर पडायला दिवस जातात.

कार्यालयातले मेल 'परमिट मायनेटवर्क्स' (त्या यादीतल्या आयपींना परवानगी) या नियमामुळे सुटतात, लॉगिनमुळे नाही. म्हणून लॉगिन बंद असल्याचं आत बसून कळतच नाही. आधी मेल लॉगमध्ये त्या वेळची 'डिसकनेक्ट' ओळ बघा. त्यात 'ऑथ=१' नसेल तर ऑथेंटिकेशन (लॉगिन) झालेलंच नाही. बहुतेकदा फोनवर पोर्ट २५ असतो. तो ५८७ (लॉगिन करून मेल पाठवायचा, म्हणजे 'सबमिशन'चा पोर्ट) करा आणि स्टार्टटीएलएस (एन्क्रिप्शन) निवडा. मास्टर डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सर्व्हिसेसच्या फाइलमधल्या सबमिशनखालच्या ओळींना सुरुवातीला मोकळी जागा हवी, नाहीतर पोस्टफिक्स त्यांना वेगळी सर्व्हिस समजतो.

लॉगिन होऊनही नकार आला तर नियमांचा क्रम तपासा. नियमांची यादी डावीकडून वाचली जाते आणि पहिल्या ठाम उत्तराला थांबते. 'परमिट सॅसल ऑथेंटिकेटेड' (लॉगिन केलेल्यांना परवानगी) हे 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन'च्या (बाहेरच्या डोमेनच्या मेलला नकार) आधीच हवं. पोस्टफिक्स २.१० पासून रिलेच्या नियमांची यादी वेगळी आहे. रेसिपियंटच्या (मेल कुणाला जातो त्याच्या नियमांच्या) यादीत परवानगी दिली तरी रिलेच्या यादीतला नकार टिकतो. इथेच बरेच जण अडकतात.

'पोस्टकॉन्फ -एन' (पोस्टफिक्सची सेटिंग्ज दाखवणारी कमांड) चालवून दोन्ही याद्या इथे टाका, डोमेन झाकून. नवा नियम आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' लावून तपासा: मेल अडत नाही, लॉगमध्ये फक्त इशारा उमटतो.