बंद सदनिकेचा मिळकतकर, ४० टक्के सवलत आणि परदेशातला मालक

प्रश्न: एडिसनवासी

नमस्कार. पुण्यात बाणेर येथे माझ्या आणि आईच्या नावे एक सदनिका आहे. ताबा २०२० च्या सुरुवातीला मिळाला, त्याच वर्षी महापालिकेची आकारणी झाली आणि आई २०२२ च्या अखेरपर्यंत तेथे राहत होती. त्यानंतर ती धाकट्या भावाकडे नाशिकला गेली आणि तेव्हापासून घराला कुलूप आहे. घर भाड्याने दिलेले नाही आणि देण्याचा विचारही नाही, कारण वर्षातून तीन आठवडे आम्ही येतो तेव्हा उतरायला तेच असते, शिवाय आईचे कपाट, भांडीकुंडी, देव्हारा सगळे तेथेच आहे.

गेल्या महिन्यात मावसभावाने खालची पत्रपेटी उघडली, तेव्हा जाहिरातींच्या गठ्ठ्यात पावसाने एकमेकांना चिकटलेली मिळकतकराची दोन बिले निघाली. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात थकबाकीच्या खाली शास्तीचा, म्हणजे दंडाचा, आकडा स्पष्ट दिसतो. यात चूक आमचीच आहे. भाऊ भरतो असे मी समजत राहिलो आणि मी भरतो असे तो. येथे अमेरिकेत न्यू जर्सीत घराचा कर गृहकर्जाच्या मासिक हप्त्याबरोबरच बँक घेते आणि परस्पर भरते, त्यामुळे कराची तारीख लक्षात ठेवायची सवयच राहिलेली नाही.

बिल बघून दुसरी गोष्ट ध्यानात आली की, आमच्या सोसायटीतल्या तेवढ्याच क्षेत्रफळाच्या सदनिकेपेक्षा आमचा कर बराच जास्त आहे. शेजारी म्हणतात की त्यांनी २०२३ मध्ये ४० टक्के सवलतीसाठी कसलासा अर्ज भरला होता, आम्ही भरलेला नाही. मला विचारायचे आहे ते असे की, मालक परदेशात आणि घर बंद असताना ही सवलत मागता येते का, आणि मागणे योग्य आहे का? त्यातच सोसायटीच्या व्यवस्थापकाने यंदापासून आमच्या देखभाल शुल्कात ‘अनिवासी मालक’ म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. तिला काही आधार असतो का? घरात नळ उघडत नाही, कचरा निघत नाही, तरी पाणीपट्टी आणि सफाई कर पूर्ण भरायचा का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर: पेठेतला जुना करदाता

सर्वप्रथम थकबाकी भरून टाका, बाकीचा पत्रव्यवहार मागाहून करा. महापालिका अधिनियमानुसार थकीत मिळकतकरावर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. इतक्या व्याजाने कोणी सावकारही आता कर्ज देत नाही. बिलाच्या वरच्या भागात विभाग, पेठ आणि खाते क्रमांक असे तीन तुकडे दिसतील. संकेतस्थळावर तेवढे घातले की थकबाकी दिसते आणि कोणीही भरू शकते, मालकच हवा असे नाही.

आता सवलतीकडे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला वार्षिक करपात्र मूल्यात ४० टक्के सूट १९७० पासून दिली जात होती. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींना ती मिळेनाशी झाली. तुमची आकारणी २०२० ची, म्हणजे तुम्ही नेमके त्या खिंडीत सापडलात. २०२३ मध्ये राज्य शासनाने सवलत पुन्हा मान्य केली, परंतु ज्यांना ती आधीपासून लागू नव्हती किंवा सर्वेक्षणानंतर काढून घेतली गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज करावा लागला. त्याची मुदत नोव्हेंबर २०२३ पर्यंत होती. शेजाऱ्यांनी भरला तो हाच.

येथे एक हिशेब सांगतो, कारण बहुतेकांचा त्यात गोंधळ होतो. ४० टक्के सवलत गेली म्हणजे बिल ४० टक्क्यांनी वाढते असे लोक समजतात. करपात्र मूल्य ३०,००० रुपये धरले, तर सवलत असताना कर १८,००० रुपयांवर बसतो आणि नसताना पूर्ण ३०,००० वर. म्हणजे शेजारी जेथे १८ भरतो तेथे तुम्ही ३० भरता आणि वाढ होते सुमारे ६७ टक्के. तुम्हाला छायाचित्रात खटकला तो फरक हाच असणार.

ती मुदत उलटली असली तरी अर्ज देऊन पाहावा. अर्जासोबत सोसायटीचे ना हरकत पत्र, म्हणजे मालक सदनिकेचा वापर स्वतः करतो असे पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड, शिधापत्रिका यांपैकी एक पुरावा लागतो. पुणे शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रतही जोडावी लागते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे, म्हणजे त्या भागाच्या कर निरीक्षकाकडे, द्यायचा असतो. तुमच्या आई सहमालक आहेत आणि २०२२ च्या अखेरपर्यंत त्या तेथे राहत होत्या, तेव्हा निदान त्या काळापुरता स्वतःच्या वापराचा मुद्दा निर्विवाद आहे. त्या वर्षांचे गॅसचे पुस्तक किंवा त्या पत्त्यावरचे मतदार ओळखपत्र नाशिकला असेल तर शोधून ठेवा. पुढच्या काळासाठी अर्जात लपवाछपवी न करता ‘भाड्याने दिलेली नाही, कुटुंबाच्या वापरासाठी राखून ठेवली आहे’ असेच लिहावे, असे माझे मत आहे.

रिकाम्या मिळकतीच्या परताव्याची तरतूद अधिनियमाच्या करविषयक नियमांत आहे, पण तिच्या मागे लागू नका. घर रिकामे झाल्याची लेखी सूचना वेळेवर दिलेली असावी लागते, आणि देव्हाऱ्यासकट सामान ठेवून स्वतःसाठी राखलेले घर रिकामे म्हणता येत नाही. एकाच घराविषयी एका अर्जात ‘आम्ही वापरतो’ आणि दुसऱ्यात ‘कोणी वापरत नाही’ असे लिहिणे तर मुळीच बरे दिसणार नाही.

उत्तर: वारज्याचा रहिवासी

वरील उत्तरातील माहिती बरोबर आहे, परंतु माझे मत थोडे निराळे आहे. ही सवलत राहणाऱ्यासाठी आहे. वर्षातले ४९ आठवडे कुलूप असलेल्या घराला ती मागणे नियमात बसवता येईलही, तरी मनाला पटत नाही. आमच्या इमारतीत अशा बंद सदनिका बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या काही ‘स्वतःच्या वापरात’ म्हणून नोंदलेल्या असताना त्यांत विद्यार्थी राहतात, हे सगळ्यांना माहीत असते. प्रश्नकर्ते तसे करत नाहीत, हे मान्य. पुढे कधी भाडेकरू ठेवलात तर मात्र लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणजे शासनाच्या एका खात्यात तुमचे घर भाड्याने दिल्याची नोंद असणार आणि दुसऱ्या खात्यात स्वतः राहत असल्याची. त्याआधीच सवलत सोडल्याचे कळवावे.

उत्तर: पेठेतला जुना करदाता

आपला मुद्दा समजतो. तथापि निकष वास्तव्याच्या दिवसांचा नसून वापराचा आहे. मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहणाऱ्या पुण्यातल्या आजी-आजोबांची सवलत कोणी काढून घेत नाही. दिवस मोजायला लागलो तर त्यांच्यावरही पाळी येईल.

उत्तर: मानद सचिव, कोथरूड

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. ‘अनिवासी मालक’ म्हणून वेगळे शुल्क घेण्याला आधार नाही. ज्याला आपण नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस किंवा बिनभोगवटा शुल्क म्हणतो, ते सदनिका भाड्याने दिल्यावरच लागते आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. हे १० टक्के काढताना महापालिकेचे कर त्यातून वगळायचे असतात. अनेक व्यवस्थापक पूर्ण मासिक बिलावर १० टक्के लावतात, तेही चूक आहे. कुलूप असलेल्या सदनिकेला हे शुल्क लागू नाही, आणि तुमच्या गैरहजेरीत आई, भाऊ, बहीण, मुलगी किंवा जावई येऊन राहिले तरीही नाही. समितीला लेखी पत्र द्या आणि त्यात त्या आदेशाची तारीख लिहा. व्यवस्थापकाशी फोनवर हुज्जत घालून काही निष्पन्न होत नाही, समितीच्या सभेत पत्र वाचले गेले की होते.

देखभाल शुल्क मात्र घर बंद असले तरी पूर्ण द्यावे लागते. लिफ्ट, पहारेकरी, सामाईक दिवे हे तुमच्या अनुपस्थितीतही चालूच असतात. ते दरमहा ७,५०० रुपयांच्या वर गेले आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली तर त्यावर जीएसटीही लागतो.

पाणीपट्टी आणि सफाईविषयी तुमचा प्रश्न रास्त वाटतो, पण मिळकतकर हा वापरलेल्या सेवेचा मोबदला नाही. बिलात सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, पाणीपट्टी, जललाभ कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी जी यादी दिसते ती सगळी करपात्र मूल्याच्या आधारे काढलेली असते, बादल्या मोजून नव्हे. लवकर भरण्याची ५ किंवा १० टक्क्यांची सूटही यातल्या फक्त सर्वसाधारण करावर मिळते, पूर्ण बिलावर नाही. दारात येऊन कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंचे मासिक पैसे या बिलाबाहेरचे आहेत. ते घर बंद असताना आमच्याकडे घेत नाहीत.

खरे तर तुम्ही बाणेरमध्ये आहात म्हणून नशीबवान म्हणायचे. २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी सूस, म्हाळुंगे किंवा वाघोली येथे घेतलेल्या घराच्या मालकाला विचारा. तेथील बांधकाम परवानग्या देताना महापालिकेचे पाणी येईपर्यंत विकसक पाणी पुरवील अशी हमीपत्रे घेतलेली असत, आणि विकसक इमारत सोसायटीच्या हवाली करून गेला की टँकरचा खर्च सभासदांच्या माथी येतो. तेथे कुलूपबंद सदनिकेचा मालक मिळकतकरात पाणीपट्टी भरतो आणि देखभाल शुल्कात इतरांनी वापरलेल्या टँकरचा वाटाही उचलतो. आमच्या नात्यातल्या एका सोसायटीने टँकरचा खर्च मीटरप्रमाणे वेगळा आकारायला सुरुवात केली, तेव्हा परदेशस्थ सभासदांच्या तक्रारी थांबल्या आणि आंघोळीला अर्धा तास लावणाऱ्यांच्या सुरू झाल्या.

उत्तर: मस्कतकर

माझे गावचे घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. तेथे घरपट्टी ग्रामपंचायतीची असते आणि रक्कम पुण्याच्या मानाने किरकोळ, पण अडचण तीच, कागद बंद दाराशी जातो. आम्ही चुलत्यांकडे दर एप्रिलला पैसे पाठवतो आणि पावतीचे छायाचित्र मागवून नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या, उताऱ्याबरोबर जपून ठेवतो.

पैसे भरण्याची एक सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, ओमान, संयुक्त अरब अमिराती, ब्रिटन, सिंगापूर अशा १० देशांतील मोबाइल क्रमांकांवर एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे, बँक खाते जोडून यूपीआय वापरण्यास मुभा देण्यात आली. आपली बँक ती सुविधा देत असेल तर पुण्याचा कर एडिसनहून पाच मिनिटांत भरता येतो.

करभरणा सोडून बाकीच्या कामांसाठी, म्हणजे अर्जावर सही, समितीशी पत्रव्यवहार, पुढे नाव बदलणे, यांसाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. तेथील नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात मान्य होणारे सरकारी प्रमाणीकरण) झाल्यावर कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत आमच्याकडून एकदा टळली आणि सगळे पुन्हा करावे लागले. कागदात ‘मिळकतकर व सोसायटीविषयक कामे’ असे मर्यादित अधिकारच लिहा. विक्रीचा अधिकार देणारे छापील नमुने फिरत असतात, ते डोळे झाकून सही करण्यासारखे नाहीत.

आणि आपण अमेरिकेत विवरणपत्र भरता म्हणून लिहितो, स्वतःच्या वापराच्या परदेशी घरावरच्या कराची वजावट तेथे २०१८ पासून मिळत नाही. भारतात घर भाड्याने दिलेत तर महापालिकेचा कर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, पण मालकाने तो त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला असावा लागतो. थकीत बिलाची वजावट नसते.

प्रश्नकर्ता: एडिसनवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री थकबाकी आणि शास्ती एकदम भरली, पावती आई, भाऊ आणि मावसभाऊ अशा तिघांना पाठवली. मिळकतीच्या खात्यात माझा ईमेल नोंदवण्याचा अर्ज केला आहे. आईला विचारले तर तिचे त्या पत्त्यावरचे गॅसचे पुस्तक नाशिकला देवघरातल्या डब्यात निघाले, २०२० ते २०२२ पर्यंतच्या नोंदींसह. मतदार ओळखपत्र मात्र तिने गेल्या वर्षी नाशिकला बदलून घेतले.

वारज्याच्या सद्गृहस्थांचा मुद्दा मनात राहिला. म्हणून अर्जात आईच्या वास्तव्याची तारीख आणि त्यानंतरचा ‘कुटुंबाच्या वापरासाठी राखून’ असा कालखंड वेगवेगळा लिहिणार आहे. पेठ निरीक्षकांना दुसऱ्या कालखंडाची सवलत द्यावीशी वाटली नाही तर त्यावर वाद घालणार नाही. सोसायटीला द्यायच्या पत्रात शासन आदेशाची तारीख घातली आहे आणि समितीची सभा पुढच्या रविवारी आहे. मावसभाऊ पत्र घेऊन स्वतः जाणार आहे, आणि येताना पत्रपेटीला नवे झाकण बसवून घेणार आहे.