'फ्रेलिमो'साठी मराठीत काय लिहावे : आघाडी, पक्ष की अग्रदल?

प्रश्न : आफ्रिकेतील मोझांबिक या पूर्वीच्या पोर्तुगीज वसाहतीत १९७५ पासून सत्तेवर असलेल्या 'फ्रेलिमो'ला, तिच्या मूळ पोर्तुगीज नावाच्या अर्थानुसार, 'मोझांबिक मुक्ती आघाडी' म्हणणे आजही योग्य आहे का? शिवाय 'मुक्ती'ऐवजी 'स्वातंत्र्य' का नको?

उत्तर : युद्धातील पुढची फळी आणि अनेक गटांची एकजूट हे दोन्ही अर्थ मराठी 'आघाडी'त आहेत, आणि जून १९६२ मध्ये दार-ए-सलाम (आजचा टांझानिया) येथे तीन संघटनांच्या विलीनीकरणातून एदुआर्दो मोंदलाने यांच्या अध्यक्षतेखाली जे उभे राहिले, सप्टेंबर १९६४ पासून ज्याने पोर्तुगीज सैन्याशी सशस्त्र लढा दिला, ते दोन्ही अर्थांनी आघाडीच होते. त्या काळाबद्दल लिहिताना हाच शब्द ठेवावा.

फेब्रुवारी १९७७ मधील तिसऱ्या अधिवेशनात मात्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या नेतृत्वाखाली फ्रेलिमोने स्वतःला मार्क्सवादी-लेनिनवादी अग्रदल पक्ष, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांचे पुढारपण करणारा निवडक सदस्यांचा पक्ष, म्हणून घोषित केले. हा केवळ नावातला फरक नव्हता. वसाहतवादाला विरोध असलेल्या कोणालाही आघाडीत जागा होती. पक्षाचे सदस्यत्व मात्र पारखून दिले जाऊ लागले, आणि त्यासाठी कारखान्यांत व गावांत उघड सभा घेऊन इच्छुकांची नावे लोकांपुढे मांडली जात, तेथे त्यांच्याविरुद्ध आक्षेपही घेता येत. आपल्याकडे आज आघाडी म्हटले की निवडणुकीपुरती झालेली पक्षांची जुळवाजुळव डोळ्यांपुढे येते. एकपक्षीय राजवट चालवणाऱ्या संघटनेसाठी तो शब्द वाचकाची सरळसरळ दिशाभूल करतो.

'मुक्ती' मात्र बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. लढा चालू असतानाच उत्तरेकडे जे भाग पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटले, त्यांना फ्रेलिमो 'मुक्त प्रदेश' म्हणत असे. देशाला स्वातंत्र्य मिळाले ते पुढे, २५ जून १९७५ रोजी. त्याच साम्राज्यातून सुटलेल्या गोव्याच्या संदर्भातही आपण 'गोवा मुक्तिसंग्राम' असेच म्हणतो. हा दुवा निव्वळ शाब्दिक नाही, कारण गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे माशेल यांचे निकटचे सल्लागार होते आणि १९८६ च्या विमान अपघातात त्या दोघांचाही मृत्यू झाला.

पुरवणी : 'अग्रदल' हा शब्दही १९७७ ते १९८९ या काळापुरताच वापरावा, कारण १९८९ च्या पाचव्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद सोडला आणि पुढच्याच वर्षीच्या राज्यघटनेने बहुपक्षीय पद्धत आणली. आजच्या बातमीत 'सत्ताधारी फ्रेलिमो पक्ष' एवढे लिहिणे पुरेसे आणि अचूक आहे.