क्लासिक रॉक स्टेशनवर स्टीव्ही वंडर का नाही?

बेसूर_बंड्या: इथे न्यू जर्सीत गाडीत क्लासिक रॉक, म्हणजे जुनं रॉक वाजवणारं स्टेशन लावलं की लेड झेपलिन, मग द हू, मग परत लेड झेपलिन. आणि वर श्रोते फोन करून गहिवरणार, की ७१-७२ सारखा रेडिओ आता होणे नाही. अरे पण ७२चा रेडिओ असा नव्हताच! न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीसारख्या एएम स्टेशनवर टॉप फॉर्टी चालायचं, जे खपतंय ते वाजणार. सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं संगीत, गाणाऱ्या अल ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर' ७२ मध्ये बिलबोर्डच्या विक्री-यादीत एक नंबर, स्टीव्हीचं 'सुपरस्टिशन' ७३च्या जानेवारीत एक नंबर. ७२च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका टूरवर त्यांच्या आधी स्टेजवर कोण यायचं, तर स्टीव्ही वंडर. आज त्याच स्टेशनवर स्टोन्स आहेत आणि स्टीव्ही गायब. हे कसलं सत्तरच्या दशकाचं प्रेम, अर्ध्याच दशकाचं आहे हे.

एफएमवाला_काका: बंड्या, एएमचं एवढं कौतुक नको. तीन मिनिटांच्या वर गाणं गेलं की कात्री. एरिक क्लॅप्टनच्या बँडचं 'लायला' ७१ मध्ये कापून सिंगल (सुट्या गाण्याची छोटी रेकॉर्ड) काढलं तेव्हा पन्नासच्या आतही आलं नाही, पुढच्या वर्षी सात मिनिटांचं अख्खं काढलं तर टॉप टेन. लांब गाण्यांना जागा दिली ती एफएमने, आणि तीही सरकारी नियमामुळे. साठच्या दशकात एफसीसीने, म्हणजे रेडिओवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, सांगितलं की लाखाच्या वर वस्तीच्या शहरात एएमचाच कार्यक्रम एफएमवर दिवसभर ढकलायचा नाही, निम्मा वेळ तरी वेगळं लावा. मालकांना एफएममध्ये पैसा दिसत नव्हता म्हणून डीजेला मोकळं रान मिळालं आणि पोरांनी रेकॉर्डची अख्खी साइड लावायला सुरुवात केली. झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' अमेरिकेत सिंगल म्हणून निघालंच नाही तरी घराघरात गेलं ते असंच. सोल मुळात सिंगल्सचं संगीत, ते एएमवर राहिलं, त्यात कारस्थान कसलं?

स्वरा_के: काका, "सोल म्हणजे सिंगल्स" हे ७१ नंतर म्हणायचं म्हणजे कमालच. मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बम ऐकलाय का सलग? गाणी एकमेकांत मिसळत जातात, एक उचलून लावायला गेलात तर मध्येच तुटतं. सोल ग्रुप टेम्प्टेशन्सचं 'पापा वॉज अ रोलिंग स्टोन' अल्बमवर जवळजवळ बारा मिनिटं, सिंगलच सात मिनिटांच्या आसपास, आणि तेही ७२ मध्ये एक नंबरला गेलं, एएमवर वाजूनच ना? म्हणजे कात्रीचं कारणही पूर्ण खरं नाही. फंकाडेलिक या काळ्या बँडच्या 'मॅगट ब्रेन'मध्ये तर दहा मिनिटं जवळपास नुसती गिटार रडतेय, ते रॉक नाही तर काय आहो? जाहिरातवाल्यांना गोरा पुरुष श्रोता एका गठ्ठ्यात विकायचा होता म्हणून ही वाटणी, संगीताचा संबंध नाही.

एफएमवाला_काका: 'पापा'चं मान्य. पण काळ्या श्रोत्यांची स्वतःची एफएम स्टेशनंही होतीच की, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएसवर डीजे फ्रँकी क्रॉकर होता. त्यांना रॉक स्टेशनच्या मेहेरबानीची गरज नव्हती. प्रत्येकाने सगळंच लावावं हा हट्ट मला पटत नाही.

स्वरा_के: क्रॉकर स्वतः जे आवडेल ते मिसळून लावायचा, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत 😄

कोथरूडची_कॅसेट: गंमत म्हणजे झेपलिन तरी कुठे नीट वाजतं? त्यांचा गिटारवाला पेज आणि गायक प्लांट यांनी ७२ मध्ये आपल्या मुंबईत इथल्या वादकांना घेऊन 'फोर स्टिक्स' आणि 'फ्रेंड्स' रेकॉर्ड केलं, अधिकृतपणे २०१५ ला 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत आलं. कुठल्या क्लासिक रॉक स्टेशनने लावलं सांगा. तीस-चाळीस गाणी घोटतात आणि त्याला क्लासिक म्हणायचं.

बेसूर_बंड्या: +१. मग ऐकू काय?

स्वरा_के: जर्सी सिटीचं डब्ल्यूएफएमयू लाव, ९१.१. जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, डीजे वाट्टेल ते लावतात.

एफएमवाला_काका: वाट्टेल ते म्हणजे खरंच वाट्टेल ते हं. सोलच्या मागोमाग कुणीतरी भांडी आपटल्यासारखं काहीतरी लागलं तर माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.