वेगळा चेहरा दिसला की नजर अडकते. त्यात माणसाचा दोष किती?

रामबागकर: काल रात्री इंदूरच्या सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खात उभा होतो. शेजारी एक काकू, कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळं लासं, म्हणजे जन्मखूण. पाहिलं, नजर वळवली, परत पाहिलं. लिंबू पिळता पिळता त्यांनी वर बघितलं आणि मी घाईने मोबाइल काढला. रात्रभर चुटपुट लागली, पण माझं मत असं की हा दोष नव्हे. मेंदूत चेहऱ्यांसाठी खास भाग आहे, नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो स्कॅनवर दाखवला. चारचौघांसारखा चेहरा गर्दीत विरतो, वेगळा लक्षात राहतो. मी काय करणार?

टिळकनगरची सून: पहिली नजर मेंदूची, कबूल. ‘परत पाहिलं’ ती कुणाची?

रामबागकर: तीही आपसूकच हो.

जुना इंदुरी: सवयीचं काय? आमच्या वाड्यात दूध घालणाऱ्या भैयाचा वरचा ओठ फाटलेला होता. आठ दिवस आम्ही पोरं दाराआडून बघायचो. नवव्या दिवसापासून फक्त दुधात पाणी किती ते बघायला लागलो.

लासंवाली: माझ्याही गालावर लासं आहे (त्या काकू मी नव्हे!). आत्या ग्रहणाला दोष द्यायची. खरं तर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच रुंदावलेल्या असतात, बस. बघणाऱ्यांचा मला राग नाही. लहान मूल आ वासून बघतं, मी जीभ काढते, ते हसतं, विषय संपला. राग येतो नजर चुकवायला मोबाइल काढणाऱ्यांचा. आमचा पोहेवाला सुटे पैसे देताना जिलबीच्या कढईकडे बघत म्हणतो, ‘लो दीदी’.

टिळकनगरची सून: म्हणजे टक लावणं बरं? मुळीच पटत नाही. माझ्या भाचीला कोड आहे. सिटी बसमध्ये दोन बायका तिच्या हातांवरून चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून हातांवर बघत बसल्या. पोर दोन थांबे आधीच उतरली. पंधरा वर्षांची आहे, तिला नाही जीभ काढता येत.

लासंवाली: पंधराव्या वर्षी मलाही येत नव्हती. तोंडाला ओढणी गुंडाळून फिरायचे. स्कूटीवरच्या सगळ्याच मुली गुंडाळतात, कुणाला काही वाटलं नाही. भाचीच्या बाबतीत तुमचंच खरं.

रामबागकर: मग मी काल करायचं काय होतं?

लासंवाली: ‘काकू, आज जीरावण मसाला जरा जास्तच पडलाय, नाही?’