मदत हवी आहे: पक्षाघातानंतर सेमॅक्सचे नाकातले थेंब, कुणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी. मुक्काम सोलापूर, वडील ६८ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. चार महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकून उजवी बाजू गेली. हातपाय बऱ्यापैकी आलेत, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. अडतंय ते बोलण्यात. परवा नातवाला माग कसा चालतो ते सांगत होते, तर 'धोटा' हा शब्दच येईना. हात इकडून तिकडे, तिकडून इकडे नेत राहिले आणि शेवटी चिडून भाकरीचं ताट सरकवलं.

आता पुण्याच्या मेव्हण्यानं ऑनलाइन सेमॅक्स मागवून दिलंय. माझ्या वाचनात आलं ते असं: सात अमिनो आम्लांची ही कृत्रिम साखळी, म्हणजे पेप्टाइड, रशियात बनली. एसीटीएच या संप्रेरकाचा चार आम्लांचा तुकडा घेऊन त्याला प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिनची शेपटी जोडली, म्हणजे शरीरातली विकरं (एन्झाइम) तिचा लगेच फडशा पाडत नाहीत. पोटात गेलं तर पचूनच जाणार, म्हणून नाकातून. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मरणाचा भाग) यानं बीडीएनएफ वाढलं. चेतापेशी तगवणारं, त्यांच्यात नवी जोडणी करणारं हे प्रथिन. रशियात पक्षाघातावर डॉक्टर हे देतात, अमेरिकेच्या एफडीएची (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मात्र मान्यता नाही.

पण उंदरांचं ऐकून किती हुरळायचं? नेरिनेटाइड हे असंच २० आम्लांचं पेप्टाइड. प्राण्यांमध्ये चेतापेशी वाचवत होतं. ११०५ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला, तर एकूण रुग्णांमध्ये ठोस फरक नाही.

त्यात आमच्या बाटलीवर 'फॉर रिसर्च युज ओन्ली', म्हणजे फक्त संशोधनासाठी, असं छापलंय. पेप्टाइड थंडीत ठेवायचं म्हणतात आणि आमचं पार्सल भर मे महिन्यात कुरिअरनं आलं, हातात घेतलं तर चहाच्या कपासारखं गरम!

विचारायचं एवढंच. वडिलांना क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) आणि बीपीची गोळी चालू आहे, त्यासोबत कुणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे दिलंय का? पक्षाघाताला चार महिने उलटल्यावर सुरू करून याचा काही उपयोग दिसला का? आणि सोलापुरात वाचादोषावर घरी येऊन सराव घेणारं कुणी आहे का? माझा खरा भरवसा त्यावरच आहे.

न्यूरोलॉजिस्टची तारीख सोमवारची. तोवर बाटली फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्यामागे लपवलीय, कारण आई रोज विचारते, "घालायचं का रे नाकात?"