लहरी केस वाढवताना: मधले महिने तुम्ही कसे काढलेत?

अकरा महिन्यांपूर्वी मी केस कानाच्या पाळीपर्यंत कापले. पश्चात्ताप चौथ्या दिवशीच झाला, पण तो विषय वेगळा. तेव्हापासून वाढवतेय. केस दाट आणि लहरदार, दोन्ही अर्थांनी लहरी. आज अंघोळीनंतर एक ओली बट ओढून धरली तर ती खांद्याला टेकली. सोडली, वाळू दिली, तर हनुवटीच्या जरा खाली जाऊन बसली. मधले सात-आठ सेंटिमीटर कुठे गेले?

वाढीचा हिशेब पाठ आहे. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, वर्षाला पंधराच्या आसपास. म्हणजे केस वाढतायत. पण खाली नाही, आडवे. समोरून डोकं त्रिकोणी दिसतं: वर चपटं, कानांपाशी पसरलेलं. पोनी बांधायला घेतली तर मागचे निम्मे हातात येतात आणि पुढचे कानावरून निसटतात. मोकळे सोडावेत तर आई म्हणते, ‘त्या झिंज्या आवर.’

दाट, लहरदार केस आखूडाचे लांब केलेल्यांनी लिहा. एकच विनंती, ‘अमुक शाम्पू वापरा’ एवढ्यावर थांबू नका. केस कसे होते, काय केलंत, काय फसलं ते सांगा. फसलेलं जास्त सांगा.

*

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? मी दोन वर्षं वाढवले, आता खांद्याच्या खाली आहेत.

माझ्या बाबतीत पाचवा ते दहावा महिना सर्वांत वाईट गेला. कारण साधं आहे, पण मला उशिरा कळलं. मानेवरचे आणि टाळूवरचे केस साधारण एकाच वेगाने वाढतात. मानेवरचा केस मात्र आधीच खाली बसलेला असतो आणि टाळूवरच्याला तिथवर यायला अर्धं डोकं उतरावं लागतं. त्यामुळे सातव्या महिन्यात मागे शेपूट आणि वर झुडूप, असा अवतार झाला होता. लोक विचारायचे, ‘बरं आहे ना?’

उपाय एकच लागू पडला. दर दोन महिन्यांनी फक्त मानेवरचे, तेवढ्या दिवसांत जेवढे वाढले तेवढे कापून घ्यायचे आणि वरच्यांना कात्री लावू द्यायची नाही. हे न्हाव्याच्या गळी उतरवणं केस वाढवण्यापेक्षा अवघड. ‘जरा सेट करून देतो’ हे शब्द कानावर आले की मी खुर्चीतून उठायच्या तयारीत. वरचे मानेपर्यंत पोचले तेव्हा मागचे कापणं बंद केलं. मग सगळं डोकं एकदम वाढल्यासारखं दिसायला लागलं.

पिना कशा लावायच्या हे आम्हाला कुणी शिकवत नाही हो. बहिणीने शिकवलं: पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, सरळ बाजू वर. मी सहा महिने उलटी लावत होतो आणि पिना घसरतात म्हणून पिनांनाच शिव्या घालत होतो.

*

माझी गोष्ट कात्रीची. कृपा करून वाचा आणि शहाणे व्हा.

माझ्या वेणीचा शेपटा मुठीत मावत नाही. साधा रबर तीनदा फिरवला की तटकन तुटतो. एका पार्लरमधली मुलगी म्हणाली, ‘आतून हलके करून देते, लांबी जाणार नाही.’ दातेरी कात्री घेतली आणि आतल्या आत चालवली. घरी येईपर्यंत डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. केस मऊ, हलके, मी खूश.

तीन-चार आठवड्यांनी आत कापलेले आखूड केस उठून उभे राहिले. सरळ केसांत असे तुकडे लांब केसांच्या आड गपचूप पडून राहत असावेत. लहरदार केसांत प्रत्येक तुकडा स्वतःचं वळण घेतो आणि वरच्या लांब केसाला बाहेर ढकलतो, छत्रीच्या काड्या कापडाला ढकलतात तसा. हलके व्हायला गेलेलं डोकं दीडपट दिसायला लागलं. वेणी घातली की सगळीकडून टोकं बाहेर, साळिंदर. ते निस्तरायला अडीच वर्षं लागली, कारण आतले आखूड केस बाहेरच्यांच्या जवळपास येईपर्यंत दुसरा मार्गच नव्हता.

तेव्हा कळलं की दाट केसांत वजन हा शत्रू नसून तेच केसांना खाली बसवतं. धागा काढणाऱ्या ताई, तुमचा त्रिकोण मोडायचा असेल तर लांब लेयर्स करून घ्या, तेही केस वाळलेले आणि आपापल्या वळणात असताना. ओले असताना ताणून सरळ रेषेत कापलेले केस वाळले की किती वर चढतील ते त्या कात्रीला माहीत नसतं.

*

थोडी भर, कारण ‘शेंडे कापले की केस भराभर वाढतात’ हे कुणीतरी लिहिणारच आहे. केस वाढतो मुळाशी, कातडीखाली. बाहेर आलेला भाग निर्जीव असतो, त्याचं टोक कापलेलं मुळाला कळत नाही. कापायचे ते फाटे फुटलेल्या टोकांसाठी. फाटा वर चढत जातो, केस तुटतो आणि वाढ असूनही लांबी दिसत नाही. मी चार महिन्यांनी एकदा, एक सेंटिमीटर. तेवढ्या काळात चार-पाच वाढलेले असतात, म्हणजे शिल्लक राहतेच.

आणि दाट वेगळे, जाड वेगळे. दाट म्हणजे संख्येने जास्त, जाड म्हणजे एकेक केसच मोठ्या व्यासाचा. माझे दाट पण बारीक आहेत. जाड केसांवर छान बसणारी क्रीम माझ्या डोक्यावर तेलकट थर होऊन बसते. मैत्रिणीला लागू पडलेलं आपल्याला का पडत नाही, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

*

सहा वर्षं दरवर्षी केस स्ट्रेट करून घेतले. थांबवलं तेव्हा वाटलं, आता वाढू द्यायचे, त्यात काय एवढं? एवढं निघालं की आत्ता आठवलं तरी दमायला होतं.

त्या प्रक्रियेत केसातले सल्फरचे बंध तोडून केस सरळ असताना ते पुन्हा जोडतात. त्या केसाला जुनं वळण परत येत नाही. नवा केस मात्र आपल्या वळणाचाच उगवतो, कारण वळण ठरतं कातडीखालच्या ज्या पिशवीतून तो येतो तिच्या आकारावर, आणि तिला वरच्या उद्योगाचा पत्ता नसतो. आठ महिन्यांनी माझी एकेक बट वरून दहा सेंटिमीटर नागमोडी आणि खाली झाडूच्या काडीसारखी सरळ. नव्या-जुन्याची हद्द बोटांना लागायची, आणि विंचरताना केस नेमका तिथेच तुटायचा. बेसिनमध्ये सगळे एकाच लांबीचे तुकडे.

विंचरणं मी जवळजवळ बंद केलं. ओल्या केसांच्या दोन सैल वेण्या घालून झोपायची. पाण्याने केसातले कच्चे बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून सकाळी सरळ भागालाही खोट्या लहरी आलेल्या असायच्या. पुढच्या धुण्यापर्यंत टिकायच्या. ताई, तुमचे हरवलेले सेंटिमीटरही त्यातलेच: ओलेपणी केस ओढला तसा लांबतो, वाळला की वळणात परत जातो. चौदाव्या महिन्यात सरळ भाग कापून टाकला. सतरा सेंटिमीटर स्वतःचे केस उरले. आखूड दिसत होते, पण एका जातीचे होते.

*

आमचं नाही जमलं. तीनदा सुरू केलं, तिन्ही वेळा आठव्या महिन्याला कापून आले. मानेवर घाम, उशीवर गुंता, रोज सकाळी स्वतःशीच वाद. केसाने गळा कापणं म्हणतात ते वेगळ्या अर्थाने, पण मला शब्दशः पटतं. आता बॉयकट आहे, मजेत आहे. असाही अनुभव धाग्यात असू दे.

*

माझे नाहीत, लेकीचे. वय नऊ, केस कमरेपर्यंत हवेत हा तिचा हट्ट, आणि रोज सकाळी रडारड.

ओले केस विंचरू नयेत हेच ऐकत आले होते. ते खोटं नाही, ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून मी कोरडे विंचरायचे, बारीक फणीने, वरून खाली. फणी मध्येच अडायची, मी ओढायचे, गुंता खाली सरकून घट्ट व्हायचा, ती किंचाळायची. विंचरून झाल्यावर वळण मोडून कापूस पिंजल्यासारखे केस.

आता न्हाणीघरातच सोडवतो. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर. डोक्याचे चार भाग, तीन चापात अडकवलेले. मोकळ्या भागाला मध्यावर मुठीत धरायचं, म्हणजे मुळांना हिसका बसत नाही, आणि आधी फक्त खालची चार बोटं बोटांनीच सोडवायची. मग त्याच्या वरची चार. कंगवा मोठ्या दातांचा, तो सर्वांत शेवटी. निसरड्या केसातली गाठ ओढावी लागत नाही, दोन्हीकडून सैल केली की सुटते. मग पाणी, आणि टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुन्या सुती टी-शर्टात ओंजळीने दाबून घेतो. पुढच्या धुण्यापर्यंत कंगवा नाही. पहिल्यांदा पाऊण तास लागला, आता पंधरा मिनिटं.

ती आता स्वतःच करते. मागचा एक भाग मला देते, हात पुरत नाही म्हणून.

*

गळण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. वाढवण्याच्या दुसऱ्या वर्षात मला जोराचा ताप आला. बरी झाले, विसरले. अडीच-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात. आपण काय चुकीचं लावलं हेच शोधत बसले, चार बाटल्या फेकल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तीन महिन्यांपूर्वी आजारी होतात का?’ मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, यांनंतर बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. लोह आणि थायरॉइड तपासलं, ठीक होतं. पाच-सहा महिन्यांत गळती थांबली आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर नवे केस उभे. ते बसवायला वेगळा धागा लागेल.

एक आणखी. रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच असतं. लहरदार केस बांधून ठेवले की गळलेले आतच अडकून राहतात आणि आठवड्यातून दोनदा धुतले तर तीन-चार दिवसांचे एकदम निघतात. न्हाणीच्या जाळीवरचा तो गोळा पाहून मोजदाद करू नका. चट्टा पडत असेल, किंवा घट्ट बांधल्याने कपाळाजवळची रेघ मागे सरकत असेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

*

धागा काढणारी परत आले. सगळ्यांचे दोनदा वाचले.

पिना मीही उलट्याच लावत होते, दादा. लाज सोडून सांगतेय. आतून हलके करून घ्यायची पुढच्या शनिवारची वेळ ठरली होती, ती रद्द केली. टी-शर्टचा प्रयोग कालच केला. वरून थोडं जेल लावलं, वाळेपर्यंत हात लावला नाही. केस कडक झाले तेव्हा धस्स झालं, पण तळहातांत चुरगळल्यावर कडकपणा गेला आणि लहरी सुट्या राहिल्या. त्रिकोण आहेच, कोपरे जरा मवाळ झालेत.

बॉयकटवाल्या ताई, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवलाय, आठव्या महिन्यात वाचला असता तर आज इथे नसते.

आणि हो, रात्री ओल्या केसांची वेणी घालून पाहिली. चार पेड पडले. रबर लावताना चौथा सुटला.